काचवाल्यांची जड वेबसाइट

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. तुमच्या हिशेबाने माझे वय सोळा वर्षे. पण आमच्या कुळात सोळा म्हणजे दात पडलेले, कमरेत वाकलेले म्हातारपण. माझ्याबरोबर जन्मलेल्या बहुतेक जणी केव्हाच बंद पडल्या. मी अजून उघडते. मध्यंतरी काही वर्षे फार हळू उघडत होते, आता भरभर उघडते. हा बदल होण्याआधी एका बाईचा उजवा हात गेला. ती हकीगत मला सांगायची आहे. गोड नाही, पण सांगायलाच हवी.

माझे घर म्हणजे एक काचेचे दुकान. खिडक्यांच्या, दारांच्या, आरशांच्या काचा कापून बसवणारे. दुकान तीन भावंडांचे. थोरला भाऊ, त्याला सगळे दादा म्हणतात. मधली बहीण ताई. आणि धाकटा, ज्याला पन्नाशी आली तरी कोणी धाकट्या याशिवाय दुसरी हाक मारली नाही. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर मी दिवसभर उघडी असते, म्हणून दुकानातले सगळे माझ्या कानावर पडते.

मला ताईने घडवले. एका पुस्तकात बघून, एकेक ओळ लिहून, अकरा दिवसांत. तिच्या बोटांना लागलेली काचेची बारीक कच कीबोर्डात जायची आणि एखादे अक्षर अडकून बसायचे. मी साधी होते. पांढरी पाठ, तीन ओळी: आम्ही काय करतो, कुठे राहतो, कधी येऊ शकतो. आणि खाली ठळक लाल अक्षरांत फोन नंबर. दुकानाचा फोटो तिकिटाएवढा. पापणी लवायच्या आत मी उघडत असे.

मित्रांनो, काचेच्या दुकानात हसतमुखाने येणारे थोडेच. काच आपोआप फुटत नाही. कोणीतरी रागाने भांडे भिरकावलेले असते. कोणी मुठीने आरसा फोडून स्वतःचीच बोटे चिरून घेतलेली असतात. एकदा मोठ्या रस्त्यावर जमाव उसळला आणि एका सकाळी बेचाळीस दुकानांच्या काचा दगडांनी फोडून गेला. त्या दिवशी माझ्याकडे इतकी माणसे आली की ताईला फोन खाली ठेवायलाच मिळेना. दादा आणि धाकटा तीन दिवस फळ्या ठोकत फिरत होते. धाकट्याच्या बुटाच्या तळव्यातून काच आरपार गेली, तरी तो फडके बांधून काम करत राहिला. माझ्याकडे येणाऱ्याच्या हाताला बहुधा रक्त असते आणि दारातून वारा शिरत असतो. त्याला माझ्याकडून एकच गोष्ट हवी असते: तो लाल नंबर.

आता थोडे सर्च इंजिनाविषयी. ‘काच बसवणारे, तातडीने’ असे कोणी लिहिले की ते आमच्यासारख्या शंभर जणींना एका रांगेत उभे करते. कोणी वर, कोणी खाली. ते ठरवायला त्याचे न दिसणारे तपासनीस सतत आमच्याकडे येऊन जातात. हिच्याकडे जे लिहिले आहे ते उपयोगाचे आहे का, येणारे लोक थांबतात की लगेच निघून जातात, आणि ही उघडायला किती वेळ लावते. त्यांचे घड्याळ कोणाची भीड ठेवत नाही. त्या काळी आमच्या गावात मी पहिली होते. रोज सकाळी ताई बघायची आणि म्हणायची, “आजही तूच पहिली गं बाई!” कौतुकाने मला किती बरे वाटायचे म्हणून सांगू.

मग त्यांचे वडील गेले. चाळीस वर्षे काच कापलेला माणूस. दादाने त्यांचा एक मोठा फोटो आणला आणि ताईसमोर ठेवला.

“हा सगळ्यात वर लाव. आहे तेवढाच.”

“दादा, हा भिंतीवर लावायचा फोटो आहे. फोनवर तळहाताएवढा दिसणार. बारीक करून लावते.”

“बाबांना बारीक करणार तू? त्यांच्या हयातीत कोणाला जमलं नाही ते.”

ताई हसली आणि फोटो तसाच लावला. तिथेच चुकले. फोन नंबर त्या फोटोखाली गेला.

यात दादाचा वाईट हेतू नव्हता. त्याचे सगळे आयुष्य काचेत गेलेले. काच हातात आली की तो कड अंगठा आणि बोटात धरून जाडी बघतो. जाड असेल ती चांगली, पातळ लावतो तो लबाड. हीच पारख त्याने मला लावली. एक दिवस त्याने धाकट्याला विचारले, “पुलापलीकडे नवीन दुकान निघालंय, त्याच्या वेबसाइटचं वजन किती रे?”

“दोन एमबी असेल.”

“आणि आपलं?”

“चोवीस.”

“बघ! बारा पट दमदार आपण!” दादाने मांडीवर थाप मारली.

त्यानंतर माझ्या अंगावर वस्तू चढतच गेल्या. हातोड्याचे घाव काचेवर पडतात आणि काच फुटत नाही, असा चार मिनिटांचा व्हिडिओ आपोआप सुरू होऊ लागला. तीन तऱ्हेची नक्षीदार अक्षरे आली. फिरते घड्याळ आले. ‘मी आपली काय मदत करू?’ असे विचारणारी चौकट आली, जिला उत्तर द्यायला मागे कोणी बसलेलेच नव्हते. यातली निम्मी सामग्री दूरदूरच्या दुसऱ्या मशिनांवरून मागवावी लागे. ती येईपर्यंत मी उंबऱ्यात अवघडून उभी. दागिन्यांच्या भाराने नवरीला उठता येऊ नये, तशी माझी गत झाली.

रांगेत मी दुसरी झाले. मग चौथी. मग सहावी.

ताईने मला तपासून घेतले आणि निकाल दादाला दाखवला. “वेगाला शंभरात अकरा मार्क पडलेत. शाळेत तुला गणितातसुद्धा जास्त पडायचे.”

“चुलीत गेलं तुझं इंजिन. चांगलं काम असलं की लोक शोधत येतात.”

“शोधणाऱ्याला आपण दिसलो तर ना दादा! सहाव्या नंबरावर बसलोय आपण.”

दादाने ऐकले नाही. शेवटी एका दुपारी तो बाहेर कामाला गेला असताना धाकट्याने त्याला न विचारता काम उरकले. व्हिडिओ काढला, वडिलांचा फोटो हलका केला, नंबर वर आणला. मी सोळा वर्षांपूर्वीसारखी झटकन उघडले. माझा आनंद तासभर टिकला.

दादा आला. स्क्रीनकडे पाहिले. “बाबा कुठं गेले?”

“तिथंच आहेत की. हलके केलेत फक्त.”

“कोणाला विचारून?”

“विचारलं असतं तर तू ‘हो’ म्हणाला असतास का?”

दादाने त्याच्या तोंडात मारली. साठीच्या माणसाने पन्नाशीच्या माणसाच्या. धाकटा मागे धडपडला आणि काचा उभ्या करून ठेवतात त्या लाकडी घोडीवर आदळला. माणसाच्या उंचीची काच आधी हलली, मग सावकाश पुढे झुकली आणि त्याच्या खांद्यावर फुटली. तो आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. धाकटा रक्ताने भिजलेला उठला. मोजायची लाकडी पट्टी त्याच्या हाती लागली, ती त्याने दादाच्या कानशिलावर हाणली. पट्टी मोडली. दादाने त्याला गळपट्टीला धरून काउंटरवर दाबले. माझा स्क्रीन हलला. त्याची काच तडकली आणि तिच्यातून मला दोन्ही भाऊ तुकड्यातुकड्यांचे दिसू लागले.

“अरे सोडा! मराल दोघं!” ताई मधे पडली. तिचाही तळहात चिरला.

धाकट्याला आठ टाके पडले. तो म्हणाला, “तुझं दुकान तुला लखलाभ,” आणि यायचा बंद झाला. दादा कानशिलाला फडके धरून ताईला म्हणाला, “होतं तसं परत ठेव.” पट्टी बांधलेल्या हाताने ताईने सगळे परत ठेवले. तिने तेव्हा ‘नाही’ म्हणायला हवे होते. हे ती स्वतःच पुढे कितीदा म्हणाली.

पुढच्या महिन्यातली गोष्ट. दुपारचे सव्वाचार वाजले होते. कोणीतरी फोनवरून माझ्याकडे आले. मी उघडू लागले. फोटो वरून खाली उतरायला लागला. सहा सेकंद झाले, कपाळ दिसले. अकरा झाले, भुवया. सतराव्या सेकंदाला मला बंद केले गेले. लगेच पुन्हा उघडले. पुन्हा कपाळापासून सुरुवात. मग ते माणूस मला तशीच अर्धवट सोडून गेले. मित्रांनो, असे दिवसातून कितीतरी जण जात. मी मनाला लावून घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला काच बसवायचे काम आले. पत्ता दुकानापासून दहा मिनिटांवरचा. तिथल्या शेजाऱ्याने दादाला नाक्यावर गाठून सांगितले होते. दादा गेला आणि लवकर परत आला. काच तशीच गाडीत होती. तो बसेना. ताईने पाणी दिले, ते त्याने हातातच धरून ठेवले.

“काय झालं दादा?”

“एक नर्स राहते तिथं. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांच्या हातात हत्यारं देते. देते म्हणजे द्यायची. नवऱ्यापासून वेगळी झालीय. काल चार वाजता तो आला आणि विटेनं दाराची काच फोडली. तासाभरात परत येतो म्हणून सांगून गेला.”

“मग पोलीस?”

“पोलिसांना लगेच कळवलं तिनं. ते लांबून निघाले होते. पण तोवर ते भोक कोणीतरी फळी ठोकून बंद करावं, म्हणून ती फोनवर यादी बघत एकेकाला विचारत सुटली. पहिला म्हणाला उद्या येतो. दोघांनी उचलला नाही. दोघं लांबचे होते. सहावे आपण.”

ताई खाली बसली.

“पाच वाजता तो आला. भोकातून हात घालून कडी काढायला लागला. तिनं आतून दार दाबून धरलं. तर त्यानं तिचाच हात धरला आणि चौकटीत उरलेल्या काचांवरून ओढला. दोनदा. मनगटाच्या शिरा तुटल्या तिच्या. पोलीस आले, त्याला धरलं. पण हात गेला, ताई. डॉक्टर म्हणतात, बोटं वळायची नाहीत.”

“तुला हे कोणी सांगितलं?”

“तिच्या आईनं. फरशी पुसत होती. मी कुठल्या दुकानाचा ते कळल्यावर तिनं मुलीचा फोन आणून माझ्यापुढं धरला. म्हणाली, हे तुमचंच ना? अजून अर्धवटच अडकलंय बघा. मग विचारलं, ‘हे कपाळ कोणाचं?’”

ताईने वळून माझ्याकडे पाहिले.

“काय सांगितलंस?”

“म्हटलं, आमच्या बाबांचं.” दादाने पाणी न पिताच खाली ठेवले. “दहा मिनिटांत पोचलो असतो गं मी. हातोडी गाडीतच असते माझी. धाकट्याला बोलव.”

धाकटा आला. शर्टाच्या आत टाक्यांचा वण फुगलेला दिसत होता. दादाने त्याच्याकडे न बघता खुर्ची सरकवली. “काप. काय काय कापायचं ते काप.”

“तू बसशील का इथं?”

“बसतो. नाहीतर उद्या पुन्हा मारामारी करेन.”

आणि त्यांनी मला कापले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, दुखले. व्हिडिओ उपटला तेव्हा अर्धे अंग गेल्यासारखे झाले. घड्याळ, ती बिनमाणसाची चौकट, नक्षीची अक्षरे, एकेक ओढून काढली. उरलेले फोटो दाखवायचे तेवढ्याच मापाचे केले. आधी अक्षरे यावीत, मग चित्रे, असा क्रम लावला. शेवटी वडिलांचा फोटो उरला. धाकट्याने हात थांबवला.

“बाबांना राहू देऊ का, लहान करून?”

दादा म्हणाला, “नको. त्यांना मी भिंतीवर लावतो.” आणि ते बटण त्याने स्वतः दाबले.

चोवीस एमबीची मी पाऊण एमबीची झाले. शंभरात चौऱ्याण्णव मार्क. रांगेत वर चढायला मात्र वेळ लागला; गेलेली पत एका दिवसात परत येत नाही. तीन महिन्यांनी दुसरी झाले. पुलापलीकडचा अजून पहिला आहे, आणि त्याची मेहनतही आहे, उगाच नावे ठेवणार नाही.

त्या नर्सच्या दाराला दादाने फुटली तरी गळून न पडणारी काच बसवली आणि आतून जाळी लावली. ती आता रुग्णालयात डाव्या हाताने नोंदी लिहिते. तिने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. मारणारा दुसरा होता, हे तिला ठाऊक आहे. आम्हांलाही ठाऊक आहे. तरी तिच्या गल्लीतून जाताना दादा मान वर करत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांची काळजी घेणे म्हणजे आम्हांला सजवणे नव्हे. प्रेमानेसुद्धा आमच्यावर ओझे लादू नका. महिन्यातून एकदा साध्या फोनवर, घड्याळ लावून आम्हांला उघडून बघा. आणि बघताना आपण दुकानाचे मालक नाही, दारात अडकलेले माणूस आहोत असे समजा.

माझ्या माथ्यावर आता एकच ओळ आहे. दादाने सांगितली आणि ताईने लिहिली: ‘भीती वाटत असेल तर आधी तेवढंच सांगा; फळी ठोकायला लगेच निघतो, काच नंतर बघू.’ तिच्याखाली लाल नंबर. ही ओळ वाचायला तुम्हांला पाचेक सेकंद लागले असतील. फुटक्या दारातून हात आत यायला तेवढेही लागत नाहीत.