परतआणाबाई

"ही लाळ आहे. परत आणा."

मी डबी खिडकीतून परत सरकवली. पलीकडे उभा असलेला शिंपी तिच्याकडे बघतच राहिला.

"बाई, आज शेवटची तपासणी आहे माझी. सहा महिने झाले. एक गोळी चुकवली नाही."

"गोळी चुकवली असं मी कुठं म्हणतेय? मला छातीतला बेडका पाहिजे. हे तोंडातलं पाणी आहे."

क्षयाच्या दवाखान्यात बेडका तपासायचं काम मी एकोणतीस वर्षं करते आहे. पेशंट पाठीमागे मला 'परतआणाबाई' म्हणतात. तोंडावर म्हणायची अजून कुणाची छाती झालेली नाही. डबी नुसती उजेडात धरली तरी आत काय आहे ते मला कळतं. चांगला बेडका घट्ट असतो, डबी कलंडली तरी जागचा हलायला कंटाळा करतो. लाळ पातळ, फेसाळ. लाळेत क्षयाचे जंतू शोधणं म्हणजे माणूस राहतो एका गल्लीत आणि आपण हाका मारतोय दुसऱ्याच गल्लीत. तो ओ देत नाही आणि आपण कागदावर लिहून मोकळे होतो की असा माणूसच नाही.

शिंपी पहिल्यांदा आला तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता. बायकोचे दिवस भरत आले होते. सासूने तिला माहेरी नेलं आणि जावयाला बजावलं, बरं झाल्याचा कागद घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. महिन्याभरात मुलगी झाली. आता ती पाच महिन्यांची होती, आणि बापाने तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. दुसऱ्या महिन्याच्या तपासणीत याचा बेडका स्वच्छ आला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी स्वतः सासूला फोन केला होता, आता येऊ द्या त्याला म्हणून. पण सासूबाई ढिम्म हलल्या नाहीत. काय हेकेखोर बाई आहे, असं मी तेव्हा चारचौघांत म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

"संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय, बाई," शिंपी हळूच म्हणाला.

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. ते माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. माणूस सालस, पण महिनाअखेर आली की त्यांच्या अंगात आकडे संचारतात. त्यांच्या टेबलामागे तक्ता लावलेला आहे: बरे झालेले, शंभरात सत्त्याण्णव.

"काय झालं, बाई?"

"लाळ आणलीय. उद्या सकाळी परत."

"अहो, अकरा किलो वजन वाढलंय त्याचं. ताप नाही, खोकला नाही. खोकलाच नाही तर बेडका येणार कुठून? निगेटिव्ह लिहा आणि सोडा. मुलीला भेटू दे की त्याला."

"लाळेवरच लिहायचं तर त्याला कशाला ताटकळवायचं? माझी घ्या, तुमची घ्या. सगळे बरेच निघू."

डॉक्टर हसले आणि आत गेले. अहवालावर सही माझी लागते आणि ती माझ्याकडून काढून घेणं सोपं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

मी शिंप्याला मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. बेडका काढायची आमची जागा तीच, तिन्ही बाजूंनी उघडी.

"सकाळी उठल्यावर काय काय करता ते सांगा."

"दात घासतो. तीनदा खळखळून चूळ भरतो. पहिलं जे येतं ते फार घाण असतं, ते टाकून देतो. मग स्वच्छ असतं ते डबीत."

"टाकून देता?"

"तुमच्या हातात घाण कशी द्यायची, बाई? गिऱ्हाइकाला कपडा देताना मी एक दोरा लोंबता ठेवत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ती घाणच तर मला पाहिजे! त्या घाणीसाठी सरकार मला पगार देतं!"

तो लाजला. मग मी त्याला सगळं करून दाखवलं. गरम पाण्याची वाफ घ्यायची. तीनदा खोल श्वास, तिसरा रोखून धरायचा आणि पोटातून खोकायचं. पहिलं येईल तेच डबीत. त्याने तिकीट एक दिवस पुढं ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खांद्याला प्रवासाची पिशवी अडकवूनच आला. इस्त्रीचा शर्ट, नुकती केलेली दाढी. डबी देताना त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"माफ करा बाई, फारच घाण आहे."

"फर्स्ट क्लास आहे," मी म्हटलं. "बसा बाकावर."

खरं सांगते, काच स्वच्छ निघणार याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती. मी बेडका काचेवर पसरला, लाल रंग टाकून गरम केला, धुतला, वर निळा रंग दिला. तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. शंभर जागा बघायच्या असा नियम आहे, आणि मी शंभर म्हणजे शंभरच बघते. सदतिसाव्या जागी एक बारीक लाल काडी दिसली. एकसष्टाव्या जागी दुसरी. मग शेवटाकडे आणखी एक. दुसरी काच केली. त्यातही होत्या.

सहा महिने न चुकता गोळ्या घेऊनही जंतू जिवंत असतील, तर त्या गोळ्या त्यांना लागू पडत नाहीत, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पण मग दुसऱ्या महिन्यात बेडका स्वच्छ कसा आला होता? जुन्या काचा तपासनिसासाठी जपून ठेवायच्या असतात, आणि तपासनीस आठ महिने फिरकला नव्हता. मी पेटी उघडली, त्याच्या नंबराची काच काढली आणि बघितली. तोंडातल्या मोठ्या चपट्या पेशी. बाकी काही नाही. लाळ.

नोंदवहीत नमुन्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'योग्य'. अक्षर माझं, सही माझी. त्या दिवशी त्रेचाळीस डब्या आल्या होत्या आणि मी एकटी होते. हे कारण मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं, पण त्याने काही भागलं नाही. मला शरम वाटली.

डॉक्टरांना आजची आणि जुनी, दोन्ही काचा दाखवल्या. ते बराच वेळ बघत होते.

"आजचं त्याला सांगायलाच हवं," ते म्हणाले. "पण जुन्याचं सांगायलाच पाहिजे का, बाई? ती काच कोण बघणार आहे?"

"मी बघितली ना."

मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी त्यांनीच लिहून दिली. त्या त्रेचाळीस डब्यांच्या दिवसाच्या बाकीच्या बेचाळीस काचा मी पुन्हा तपासायला टेबलावर काढून ठेवल्या आणि शिंप्याला आत बोलावलं.

"तीन जंतू दिसले," मी सांगितलं.

"तीनच?"

"एकही चालत नाही. इथं डोळा लावा."

त्याने बघितलं. आयुष्यभर बारीक टाक्यांवर नजर ठेवलेला माणूस, त्याला शोधून द्यावं लागलं नाही. "निळ्या कापडावर लाल टाका घातल्यासारखं दिसतं," तो म्हणाला.

"आणखी एक आहे. चार महिन्यांपूर्वीही तुम्ही लाळच आणली होती. मी तेव्हाच परत करायला पाहिजे होती. केली नाही. तेव्हा हे कळलं असतं, तर दुसरी औषधं कधीच सुरू झाली असती. चूक माझी आहे, तुमची नाही."

तो स्टुलावर बसून राहिला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे डॉक्टरांनी फोन केला तेव्हा सासूबाई हो म्हणाल्या असत्या," तो सावकाश म्हणाला, "तर मी पोरीला मांडीवर घेतलं असतं."

"हो."

मग त्याने विचारलं, "आता किती दिवस?"

"आधी मोठ्या इस्पितळात तपासणी. मग नव्या गोळ्या, नऊ महिने तरी धरा. बेडका त्याआधीच स्वच्छ होईल. त्या वेळी मी शंभर नाही, तीनशे जागा बघीन. मग खुशाल जा म्हणून मीच सांगेन."

"सासूबाई कागदाशिवाय घ्यायच्या नाहीत."

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हटलं.

त्याने बोटांवर हिशेब केला. पाच आणि नऊ. मग पिशवीतून एक इवलासा फ्रॉक काढला. पिवळा, गळ्याला हाताने घातलेली नक्षी, आतली शिवणसुद्धा दुमडून शिवलेली. तो टेबलावर पसरून त्याने वीत लावली, उलट्या बाजूने किती कापड सोडता येईल ते अंगठ्याने चाचपलं आणि पुरणार नाही अशी मान हलवली.

"चौदा महिन्यांच्या पोरीची छाती किती असते हो, बाई?"

मला दोन मुली. तरी मी आधी त्या फ्रॉकवर हात ठेवून अंदाज घेतला.

"वीस इंच धरा," मी म्हटलं. "जरा सैलच शिवा."

माझं पेन घेऊन त्याने इस्पितळाच्या चिठ्ठीमागे वीसचा आकडा लिहिला. मग फ्रॉकची जुनी घडी होती तशीच पुन्हा घातली, बाहीवर बाही, कुठे सुरकुती राहू न देता.