कडेला उभी असलेली आई

मी एक जुना फोटो आहे, मित्रांनो. आज सकाळी माझी डावी कड कापली गेली आणि त्या कडेबरोबर एका लेकीची आई गेली. म्हणून मी माझी कहाणी अशी घाईघाईनं सांगतो आहे. मधेच माझा तोल सुटला तर सांभाळून घ्या.

जपानी गाडी घरी आली त्या दिवशी माझा जन्म झाला. मालक दातांच्या कवळ्या बनवायचे. चौकोनी, पांढरी गाडी. घेतली तेव्हाही जुनीच, पण तिच्यावर त्यांचा भारी जीव. इंजिन इतकं शांत, की ते चालू आहे की बंद हे बघायला मालक खाली उतरून बॉनेटला कान लावायचे. गल्लीनं त्यांचं नाव 'जपानकर' पाडलं. गाडीला ओरखडा पडेल म्हणून ते इतक्या हळू चालवायचे, की पोरं मागून ओरडायची, "जपान नव्हे, जपून!" सायकलवाले घंटी वाजवत पुढे निघून जायचे.

त्या दिवशी कॅमेरा शेजाऱ्यांच्या हातात होता. मालक बॉनेटवर हात ठेवून ऐटीत उभे राहिले. मालकीणबाई गाडीच्या दाराशी होत्या.

"अगं, जरा बाजूला हो, दार झाकलं जातंय," मालक म्हणाले.

त्या हसत बाजूला झाल्या. मग आणखी थोड्या. शेवटी माझ्या कडेला, विजेच्या खांबाशेजारी, त्यांचा एक डोळा, अर्धं हसू आणि पिवळी बाही एवढंच उरलं. रोलमधले बाकीचे सगळे फोटो गाडीचेच निघाले: पुढून, मागून, डिकी उघडून.

मालकांनी मला गाडीतच, समोरच्या काचेवरच्या ऊन अडवायच्या पट्टीमागे खोचून ठेवलं. गॅरेजवाला असो की पेट्रोल भरणारा, मला बाहेर काढून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लोक गाडीचं कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचो. कडेच्या बाई कोण, हे कुणीच विचारलं नाही.

मग मालकीणबाई आजारी पडल्या आणि गेल्या. थोरला मुलगा शाळेत जात होता, धाकटी लेक अजून रांगत होती. पुढे घरात पाण्याची टाकी फुटली आणि फोटोंच्या पेटीचा नुसता लगदा झाला. मी गाडीत होतो म्हणून वाचलो. मालकीणबाईंची छबी आता माझ्याशिवाय कुठंच नव्हती.

गाडी विकली गेली. काही वर्षांनी मालकही गेले. धाकटीनं मला आपल्या कपाटात ठेवलं. अधूनमधून ती मला काढायची, गाडी आणि बाबा तळहातानं झाकायची आणि उरलेल्या कडेकडे बघत बसायची. इतकी माया मला कुणीच केली नव्हती.

गेल्या आठवड्यात थोरला आला. जुन्या जपानी गाड्या आणि त्यांचे मालक यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरणार होतं. "बाबा भिंतीवर झळकतील गं," तो म्हणाला. धाकटीनं बजावलं, "ने, पण जसा आहे तसाच परत आण."

त्यानं मला फ्रेमवाल्याकडे दिलं. "सगळे एका मापाचे हवेत. गाडी मधोमध घ्या, बाजूचं काढून टाका," एवढं सांगून तो निघून गेला. त्याच्या डोळ्यांसमोर तो विजेचा खांब होता. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, पण फोटोचं कोण ऐकतं? माझ्यावर पट्टी ठेवली गेली आणि पातं फिरलं.

दुपारी धाकटी दुकानात आली तेव्हा मी काचेआड होतो. सवयीनं तिनं काचेवर तळहात ठेवला. हाताबाहेर काहीच उरलं नव्हतं.

"इथली आई कुठं गेली?"

फ्रेमवाल्याचं तोंड उतरलं. "ताई, दादा म्हणाले बाजूचं काढा... मला वाटलं, कुणीतरी मधे आलंय." त्यानं कचऱ्याचा डबा फरशीवर उपडा केला. दुसऱ्या फोटोंच्या कडा बाहेर पडल्या: कुणाचं कोपर, एक अर्धं पोर, कुत्र्याची शेपटी. पिवळी बाही त्यात नव्हती. सकाळचा कचरा पालिकेची गाडी घेऊन गेली होती.

धाकटीचा फोन जाताच थोरला धावतपळत आला. "माझ्या लक्षातच आलं नाही गं. मला तो खांबच दिसत होता."

"तू तिला पाहिलंयस, दादा. माझ्याजवळ ती तेवढीच होती," धाकटी म्हणाली. "आता तूच सांग. कशी दिसायची?"

थोरला फरशीवर बसला. "गोरी होती... नाही, सावळी. आणि केस..." गाडीचा नंबर त्याला आजही तोंडपाठ आहे.

"नीट आठवत नाही गं," तो म्हणाला आणि हुंदके देऊन रडू लागला.

मित्रांनो, माझं व्हायचं ते होऊन गेलं. तुमच्या घरात माझे भाऊबंद असतील. आज त्यांना बाहेर काढा. मधे कोण आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, कडेला कोण आहे ते विचारा. सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारा. पाया पडतो, उद्यावर ढकलू नका.