परक्या दिवाणखान्याचा घुमारा

झुवेनाचा स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली मागची खोली, पण झांझिबारमधली ताराब संगीताची निम्मी गाणी तिथूनच बाहेर पडायची. आज असुमिनी क्लबचे अध्यक्ष म्झे खेलेफ आणि क्लबच्या थोरल्या गायिका बी शेखा बकरी ईदचं गाणं ऐकून पसंत करायला आले होते. उद्या सकाळी ते रेडिओवर जायचं होतं. आणि त्या गाण्यात एक लबाडी होती. ती फक्त झुवेनाला ठाऊक होती.

त्याचं असं झालं. अध्यक्षांनी आधीच बजावलं होतं, "आमच्या गाण्याला आमच्याच दिवाणखान्याचा घुमारा पाहिजे. तुझ्या कॉम्प्युटरातला कुठल्या तरी चर्चचा नको." मागणी काही अवघड नव्हती. रिकाम्या दिवाणखान्यात स्पीकरवरून खर्जापासून पार टिपेपर्यंत चढत जाणारी एक शीळ सोडायची आणि भिंती तिला काय उत्तर देतात ते माइकने टिपायचं. त्या उत्तरातून कॉम्प्युटर जागेचा ठसा काढतो. जाणकार त्याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, झुवेना आपली ठसा म्हणायची. गाद्यांच्या खोलीत गायलेला कोरडा आवाज त्या ठशातून काढला, की माणूस तिथेच उभं राहून गायलंय असं वाटतं.

पण असुमिनीचा जुना दिवाणखाना आता हॉटेलवाल्यांकडे गेलेला. त्या शहाण्यांनी तिथं पडदे टांगले, गालिचे अंथरले, उशांचे ढीग रचले. झुवेनाने शीळ सोडली तर उत्तर म्हणून नुसतं धप्प. जागा पार मेलेली. हे अध्यक्षांना तोंडावर सांगायची तिची हिंमत झाली नाही, आणि तारीख तर डोक्यावर आलेली. तिच्याकडे एक ठसा तयार होता, दोन वर्षांपूर्वी हात बसावा म्हणून घेतलेला. मराशी क्लबच्या दिवाणखान्याचा. मराशी म्हणजे असुमिनीचे हाडवैरी. कुणाच्या बापाला कळतंय, असं म्हणून तिने तोच लावला.

गाणं संपलं तेव्हा म्झे खेलेफांचे डोळे मिटलेले होते.

"हाच," ते म्हणाले. "हाच आमचा दिवाणखाना. भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसलं मला. मराशीवाल्यांच्या त्या गोदामात असा आवाज निघेल का कधी?"

झुवेनाने मान खाली घातली. तेवढ्यात दुपार कलली आणि असरची बांग झाली. "नमाज पढून आलोच. पाठवायची तयारी ठेव," असं सांगून अध्यक्ष मशिदीकडे गेले.

दार लागलं तशा बी शेखा म्हणाल्या, "वाद्यं काढ. नुसता माझा आवाज लाव."

तिने लावला. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकला. "आता माइक चालू कर. मी इथं टाळी वाजवते, ती मला त्याच ठशातून कानात ऐकू दे."

झुवेनाने हेडफोन दिला. बी शेखांनी एक टाळी वाजवली, थांबल्या, मग दुसरी वाजवली.

"ऐकलंस? टाळी विरते आणि मागून, खालून एक हुं येतं. स्टेजच्या फळ्यांखाली पाण्याचं टाकं आहे, कोरडं. असुमिनीत टाकं नव्हतं पोरी."

झुवेनाने माइक बंद केला. "बिबी, मी..."

"गप. सोळाव्या वर्षापासून त्या टाक्यावर उभी राहून गायलेय मी."

ती गोष्ट गावात कुणाला ठाऊक नव्हती? शेखा आणि रया, दोघी बहिणी मराशीच्याच. एक्केचाळीस वर्षांपूर्वी धाकट्या रयाने भर बैठकीत नवं गाणं म्हटलं, दिवसभर डुलणाऱ्या आणि एकही नारळ न धरणाऱ्या माडाचं. त्या ओळीला बायका बक्षिसाच्या नोटा नाचवत उठल्या आणि एकेकीने शेखाकडे बोट केलं. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि शेखाची कूस रिकामी होती. ती ताडकन उठली, शपथ घेऊन बाहेर पडली आणि असुमिनीत आली. आईच्या मयतीलासुद्धा दोघी बहिणी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या.

"काय शपथ घेतली होती मी?"

"तिथं पाऊल ठेवणार नाही, अशी."

"पावलाची नाही, आवाजाची. अल्लाची शपथ, या दिवाणखान्यात माझा आवाज पुन्हा उमटणार नाही. आणि तू काय करून बसलीस?"

म्हातारीने हे बाहेर सांगितलं, की गाणं गेलं आणि स्टुडिओही गेला. कुठल्याही क्लबचा माणूस पुन्हा झुवेनाची पायरी चढला नसता.

"बिबी, तुम्ही तर इथं गायलात, या गाद्यांत. तिथं कुणी गायलेलंच नाही. हे नुसतं गणित आहे."

"गणिताला ते हुं कुठून कळलं?"

"मी आत्ता पुसते. दुसरा ठसा लावते, अर्ध्या तासाचं काम."

"पुसलं म्हणून झालेलं न झाल्यासारखं होतं?"

"मग इमामांना विचारू. नकळत झालं तर शपथ मोडत नाही, मदरशात शिकवलंय आम्हाला."

बी शेखांनी हेडफोन टेबलावर आदळला. "तुला कुणी विचारलं? मोठी आली माझी शपथ वाचवणारी. एक्केचाळीस वर्षं हिला कुणी हात लावला नाही. खेलेफ म्हणतो, शेखाची शपथ म्हणजे क्लबची अब्रू. बाजारातल्या बायका लेकींना तिची गोष्ट सांगतात. मी कुठून मोडू ती?" त्यांनी हेडफोन परत जवळ ओढला. "मोडली म्हणतेय ना मी? मग मोडलीच."

झुवेनाने तेव्हा कुठे त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथं राग नव्हताच. शपथ मोडली नाही असं पटवत इतका वेळ आपण हिला त्याच शपथेत दार लावून कोंडतोय, हे तिला कळलं आणि तिला रडू आलं.

"हो बिबी," ती म्हणाली. "मोडली. मीच मोडली. माझं चुकलं."

"हं." म्हातारीने डोळे पुसले. "मग शपथ मोडल्याचा कफारा द्यायला हवा. दहा गरिबांना पिलाव करून मी जेवू घालीन. तू खोटं बोललीस, तर ईद झाली की तीन रोजे तू धर. ऊठ, चपला घाल."

दारातच म्झे खेलेफ भेटले. "कुठं निघालात? आणि गाणं?"

"आहे तसंच जाईल," बी शेखा म्हणाल्या. "तूच पसंत केलंस ना? आता परत येईन तेव्हा बोलू. तोवर बस आणि घड्याळ बघ."

मराशीच्या ओट्यावर बी रया ईदचे तांदूळ निवडत बसली होती. थोरली समोर येऊन उभी राहिली तसे तिचे हात थांबले. गल्लीतला कॉफीवालाही किटली घेऊन जागच्या जागी उभा राहिला. बी शेखांनी एक पाय पायरीवरून मागे घेतला. आता ही मागे फिरते, असं झुवेनाला वाटलं.

"रया," बी शेखा म्हणाल्या, "माझा आवाज आत राहिलाय. न्यायला आलेय."

रयाने सूप ओढून घेत दाराची वाट मोकळी केली.

"टाक्यावरच्या फळीवर मी कुणाला उभं राहू दिलेलं नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा बाजूलाच उभी राहते."

बी शेखा उंबरा ओलांडून आत गेल्या. बाहेर रया आणि झुवेना कान देऊन बसल्या. आतून एक टाळी ऐकू आली. ती विरली आणि मागून, खालून हुं आलं. रयाने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली.