रोज्यात बंद पडलेलं नाक

इनायतभाऊचं नाक बंद पडलं, आणि तेबी कोणत्या दिवशी? चंद्रपूरची मलिकाबाई आमच्या महेकले पाहायले येणार होती, बरोब्बर त्याच दिवशी! मले असा राग आला म्हणता, शिलाई मशिनीवरचं ब्लाउज तसंच सुईखाली सोडलं आणि त्याच्या अंगणात जाऊन उभी राह्यली.

"तुले दुसरा दिवस भेटला नाई का रे भाऊ?"

"नाक का मले विचारून बंद होते, उर्वशीबाई?" तो म्हणे. आवाज असा, जसा मडक्यात तोंड घालून बोलून राह्यला.

आलापल्लीत इनायतभाऊले कोण नाई ओळखत? लगीन असो, उर्स असो, आमच्या गल्लीतलं बारसं असो, चुलीवर देग त्याचीच. आमच्या दोघांच्या घरात एक भिंत. त्याची बायको गेली तेव्हा महेक एवढीशी होती, मंग पोट्टी अर्धी तिकडे आणि अर्धी माझ्याकडे वाढली. तिच्या दोन वेण्या मीच घातल्या, तिचा पहिला सलवार कुर्ता मीच शिवला. आता ती मेडिकलच्या दुकानात बसते. तिथंच तो फैज, औषधाचे खोके उतरवता उतरवता, तिले पाहून खोकेच विसरून जायचा. पोट्टीलेबी तो आवडला. मले तिनं सांगतलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते, आणि मी तर आनंदानं तिच्या पाठीत धपाटाच घातला.

पण फैजची माय मलिकाबाई म्हणजे भल्ली खट बाई. एका घरी म्हणे खिचड्यात गरम मसाला जास्त झाला म्हणून उठून आली होती. "जिथं हात सांभाळत नाईत तिथं घर काय सांभाळतील," हे तिचं म्हणणं. आता ती सांजले रोजा सोडायले आमच्याकडे येणार, इनायतभाऊच्या हातचा मटणाचा शोरबा पिणार आणि मंग सांगणार, हो का नाई. समजलं? महेकचं सगळं त्या एका देगेत उकळून राह्यलं होतं.

आणि इनायतभाऊची रमजानातली रीत कशी, तर रोजा असल्यावर तो चाखत नाई. नाकानं शिजवते. झाकण जरा सरकवलं, वाफ नाकाजवळून गेली, का सांगते: आलं कमी आहे, कांदा अजून कच्चा आहे, मीठ पायजे. मिठाले वास नसते म्हणाल तुम्ही. मीबी म्हटलं होतं. तो म्हणे, "मिठाले नसते बाई, पण मीठ पडलं का मटणाचा वास बदलते." आणि आजवर त्याचं चुकलं नाई, हे मी माझ्या जिभेनं सांगते.

महेक म्हणे, "अब्बा, मौलाना साहेब सांगतात ना, बावर्ची जिभेचं टोक लावून थुंकला तर चालते."

"चालत असन. माझ्या बापानं नाई लावलं, मीबी नाई लावत."

"मंग आजचा रोजा सोड, बीमार आहे तू," मी म्हटलं.

"सर्दीले काय बीमारी म्हणतात?"

घ्या! असा माणूस. दुकानात औषधाच्या बाटल्यांमध्ये बसणारी त्याची पोट्टी, पण गोळी चालत नाई, नाकात थेंब चालत नाई, काढा चालत नाई. मी तुळस, गवती चहा, आलं आणि मिऱ्यांचा वाफारा करून आणला, गोधडी घेऊन त्याच्या डोक्यावर टाकणार, तर तो उठून पळालाच. "वास घेतलेला चालते, वाफ घशात गेलेली नाई चालत!" अंगणात मी गोधडी घेऊन मागं आणि तो देगेभोवती पुढं, आणि महेक हसून हसून ओट्यावर बसली. मले हसू बी येत होतं आणि रडू बी. दुपार झाली होती, वो!

मंग मी ठरवलं, पोटात नाई तर नाई, बाहेरून हल्ला. तव्यावर ओवा भाजला, फडक्यात बांधला, गरम गरम पुरचुंडी त्याच्या हातात दिली. हुंगून राह्यला, हुंगून राह्यला, नाई. मोहरीच्या तेलात लसूण कडकडवून कोमट केलं, महेकनं त्याच्या तळपायाले चोळलं. नाई. जायफळ उगाळून कपाळाले लावलं, तर तो अंगाऱ्यावाल्या बुवासारखा दिसाले लागला, पण नाक काही हललं नाई. गरम पाण्यात पाय ठेवून बसवलं. तिथं तर त्याले झोपच लागली, घोराले लागला तोंड उघडून.

आता आमची गल्ली तुमाले माहीत नाई. भिंतीले कान आहेत असं म्हणतात, आमच्या भिंतीले तोंडं बी आहेत. इनायतभाऊचं नाक बंद आणि आज मलिकाबाई येणार, हे कळलं मात्र, जिच्या तिच्या घरून औषध यायले लागलं. कोणी आलं आणि मध, कोणी लवंग भाजून, कोणी लसणाची ठेचलेली पाकळी, कोणी मिरीपूड टाकलेला गूळ. प्रत्येक जण दारात उभं राहून पाहते, भाऊ घेते का नाई. भाऊ तर घेऊ शकत नाई. आणि माझी माय सांगायची, औषध म्हणून आणलेली वस्तू परत घरी न्यायची नाई, त्याच्यासंगं बीमारी बी घरात येते. गल्लीतल्या सगळ्या बायकाइले हे पाठ. मंग करायचं काय? फेकायचं? आल्या बाईचा अपमान करायचा?

म्हणून मी खाल्लं.

हसू नका. इनायतभाऊच्या वाट्याचं सगळं मी खाल्लं. आलं-मध खाल्लं, लवंगा चावल्या, लसूण गिळला, मिरीगूळ चघळला. त्या वाफाऱ्याचं पाणी बी, वाया काऊन जाऊ द्यायचं म्हणून, लोटाभर पिली. माझ्या डोळ्यातून पाणी, कानातून धूर, आणि दारातली बाई खूश, "बरं वाटन आता भाऊले!" म्हणून निघून जाते. भाऊले? वा गे वा!

शेवटी सुकरी आली. सुकरी जंगलातल्या गावची, बाजारात मोहफूल आणि चारोळी विकते, महेकले लहानपणापासून चारोळ्यांचा मुठभर खाऊ देते. ती पळसाच्या द्रोणात लाल मुंग्यांची चटणी घेऊन आली. आमच्याकडे सर्दीले यासारखं दुसरं नाई, आंबट आणि जहाल.

"भाऊले दे," ती म्हणे.

"त्याचा रोजा आहे."

"मंग?" तिनं माझ्याकडे पाह्यलं. म्या मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि सगळा द्रोण चाटून साफ केला. बाप्पा! जिभेवर कोणी होळी पेटवली असं झालं. सुकरी समाधानानं बाजार उठवायले गेली, आणि जाता जाता म्हणे, "दिवस बुडायच्या आधी येतो वो, महेकची सासू पाहाले."

इकडे इनायतभाऊ उठला. त्यानं मसाला टाकला, नुसत्या हातानं, डोळे मिटून. दालचिनी, शहाजिरं, मोठी वेलची. मले म्हणे, "उर्वशीबाई, आज मी आंधळ्यावानी चालून राह्यलो. मसाल्याचं हाताले माहीत असन का नाई, अल्ला जाणे. मीठ मात्र तू पाहाय. तुझी जीभ खरी आहे."

माझी जीभ खरी! मी छाती पुढं काढली. पळीत थोडा शोरबा घेतला, फुंकला, चाखला. फिक्का. "मीठ पायजे," म्हटलं. महेकनं टाकलं. ढवळलं, पुन्हा चाखला. पाण्यावानी. "अजून." तिनं टाकलं. "उर्वशीमावशी, जास्त नाई ना होत?" "तू गप, तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाह्यले म्या!" तिसऱ्यांदा तर मी सरळ मूठच मारली. तरी काही लागेना. म्हटलं, मटणच जुनं असन, मीठ खाऊन राह्यलं.

दिवस कलला. ओट्यावर चटया पडल्या, खजूर आले, हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून झाला. सुकरी आली, म्हणे भूक लागली, थोडं दे. मी वाटीत काढून दिलं. तिनं तोंडाले लावलं आणि फुर्रकन अंगणात थुंकलं.

"बाई वो! हे शोरबा हाय का मिठाची खाण?"

"काही काय बोलतेस, फिक्का आहे!"

"तुझी जीभ कुठी हाय?"

आणि तेव्हा, त्या क्षणी, माझ्या डोक्यात सगळं एकदम उभं राह्यलं: लवंगा, लसूण, मिरी, मुंग्या. जीभ तोंडात होती हो, पण बधिर, जोड्याच्या तळव्यावानी. महेकचा चेहरा पांढरा पडला. मी कणकेचे गोळे करून देगेत टाकाले धावली, सुकरी पाण्याची घागर घेऊन धावली, आणि दारात गाडी थांबली.

मलिकाबाई उतरली. उंच, कडक इस्त्रीचा दुपट्टा. आणि दुपट्ट्याचं टोक नाकाले! डोळे लाल, नाक लाल. मागं फैज, त्यानं महेकले पाह्यलं आणि उंबऱ्यालेच ठेचकाळला.

"क्या मौसम है," मलिकाबाई म्हणे, "सकाळी थंडी, दुपारी ऊन. चार दिवस झाले, ना वास येते ना नीट ऐकू येते."

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, सर्दी! इले तर काही कळणारच नाई! पण सुकरी माझ्या कानात पुटपुटली, "नाकानं मीठ कळते का? जिभेनं कळते." माझा जीव पुन्हा गेला.

अजान झाली. खजूर खाल्ले, पाणी पिलं. सुकरी थुंकली तेव्हा इनायतभाऊ आंघोळीले गेलेला, त्याले काय माहीत? त्यानं स्वतःच्या हातानं देगेवरचं झाकण काढलं, पहिला कटोरा भरला आणि अदबीनं मलिकाबाईच्या हातात दिला. महेकनं डोळे मिटून घेतले. माझ्याच्यानं राहावलं नाई.

"थांबा!" मी ओरडली. "नका पिऊ, बाई! मीठ मी..."

"क्या?" तिनं कानाले हात लावला, काही ऐकू आलं नाई, आणि गरम गरम शोरबा एका दमात अर्धा पिली.

तिचं तोंड चिंच चाखलेल्या लेकरावानी गोळा झालं. डोळ्यातून पाणी वाहाले लागलं. मंग तिनं मान मागं टाकली आणि अशी शिंकली, अशी शिंकली, का कोंबड्या छपरावर गेल्या. एक, मंग दुसरी, मंग रांगच लागली. इनायतभाऊ घाबरला, काय झालं म्हणून त्यानं स्वतःचा कटोरा तोंडाले लावला, आणि तोबी सुरू! एक इकडून, एक तिकडून, जसे शिंकांचे सवाल-जवाब चालू आहेत. फैजले हसू आवरेना, महेकले रडू आवरेना, आणि मी चुलीमागं तोंड लपवून बसली.

शिंका थांबल्या. मलिकाबाईनं दुपट्ट्यानं डोळे पुसले, लांब श्वास घेतला. दोन्ही नाकपुड्यांनी! मंग तिनं तोच कटोरा पुन्हा वर आणला, पण पिली नाई. नाकाजवळ धरला.

"दालचिनी," ती हळूच म्हणे. "शहाजिरं. मोठी वेलची, आणि ती बी कुटून नाई, सबंध." पुन्हा हुंगलं. "वाह."

इनायतभाऊ बी देगेवर वाकला होता. त्याचंबी नाक उघडलं होतं. त्यानं वास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. "बराबर पडलं," तो मले म्हणे. "उर्वशीबाई, न पाहता, न हुंगता, बराबर पडलं." मलेबी भडभडून आलं, काय सांगू.

मलिकाबाईनं कटोरा खाली ठेवला आणि कडक आवाजात इचारलं, "मसाला जिसने डाला, नमक उसने नहीं डाला. मीठ कोणी टाकलं?"

महेक पुढं झाली, "मी टाकलं." पोट्टी माझी! पण सुकरीनं सरळ बोट माझ्याकडे केलं.

"म्या सांगतलं टाकाले," मी उभी राह्यली. लपून काय फायदा? "रोजा त्याचा, सर्दी त्याची, आणि औषध म्या खाल्लं. गल्लीभराचं. जीभ मेली माझी. काय बोलायचं ते मले बोला, पोट्टीचा आणि त्याचा यात काडीचा दोष नाई."

मलिकाबाई माझ्याकडे पाहतच राह्यली. "गल्लीभराचं?"

"लाल मुंग्या बी," सुकरी म्हणे.

मंग त्या बाईच्या पोटातून जे हसू निघालं! हसता हसता ती चटईवरच कलंडली, फैजनं हात धरून बसवलं. सुकरीनं माझ्या घरचा बिनमिठाचा भात आणला, सगळ्याइनं त्याच्यावर थोडा थोडा शोरबा घेऊन खाल्ला, आणि खरं सांगते, तसा तो झकास लागला म्हणे. मले काही लागलं नाई.

जेवण झाल्यावर मलिकाबाईनं महेकले जवळ बसवून घेतलं, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि इनायतभाऊले म्हणाली, "ईदनंतर निकाह ठेवू. खाना आप ही बनाओगे." मंग माझ्याकडे बोट केलं. "पण ह्या बाईले त्या दिवशी देगेजवळ येऊ द्यायचं नाई."

महेक धावत येऊन माझ्या गळ्यात पडली, आणि मी तिच्या नव्या ओढणीत सटासट शिंकली.