बुगडीच्या मापाचा हेडफोन

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे, पण माझी कीव करायची घाई करू नका. माझी वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे आणि डोक्यावरची पट्टी खरवडली आहे. तरीही माझ्यासारखा दुसरा हेडफोन तुम्हाला अख्ख्या कडा गावात सापडणार नाही, पुण्यातही नाही. कारण माझ्या कानांवरच्या गाद्या मोटारसायकलच्या सीट शिवणाऱ्या दुकानात तयार झाल्या आहेत. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला सांगता येणार नाही, कारण जन्मताच मला खोक्यात घातलं गेलं. त्या खोक्यावर एका हसऱ्या मुलीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘सर्वांना आरामदायी’. त्या मुलीच्या कानांत काहीच नव्हतं आणि डोळ्यांना चष्माही नव्हता. तेव्हा मला यात काही खटकलं नाही. मी नवाकोरा होतो आणि स्वतःवर भलताच खूश होतो.

पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या विजयसिंहने मला विकत घेतलं. पहिले काही महिने तो मित्रांना माझे गुण सांगत फिरायचा. दोन वर्षं मी त्याच्या कानांवर बसून गेममधले गोळीबार, स्फोट आणि त्याची आरडाओरड ऐकली. मग त्याने कानात घालायची दोन इवलीशी बोंडं आणली आणि मी कपड्यांच्या ढिगाखाली गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दिवाळीला गावी येताना त्याला आपल्या आत्याची आठवण झाली आणि माझं नशीब फिरलं.

त्याची आत्या म्हणजे मुक्ताबाई, कड्यातल्या निवृत्त शिक्षिका. सगळं गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतं. त्यांच्या शेजारी प्रियदर्शनी राहते. ती तेव्हा दहावीत होती. तिला जन्मापासून दिसत नाही, ती ऐकून अभ्यास करते. बाई धडे वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या आणि प्रियदर्शनी ते पाठ होईपर्यंत ऐकायची. पण भूगोलाच्या एका धड्यात बाईंनी दोन पानं एकदम उलटली. पोळ्या लाटता लाटता मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर तपासताना त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. सहामाहीत नेमका त्याच पानावरचा पाच गुणांचा प्रश्न आला आणि प्रियदर्शनीने लेखनिकाला तो कोरा सोडायला सांगितलं. तिने तक्रार केली नाही. बाईंना मात्र घास गोड लागेना.

बाईंनी हे विजयसिंहला फोनवर सांगितलं होतं, म्हणून मी आलो. हंगाम सुरू झाला होता. उसाचे ट्रॅक्टर दारावरून गाणी वाजवत कारखान्याकडे जात होते. मी कानांवर बसलो की ती गाणी निम्म्याने कमी व्हायची. बाई खूश झाल्या, पण दहाच मिनिटं.

बाईंच्या दोन्ही कानांच्या वरच्या कडेला सोन्याच्या बुगड्या आहेत. लग्नात आईने घातलेल्या त्या बुगड्यांची फिरकी इतकी घट्ट बसली आहे की चाळीस वर्षांत त्या निघालेल्या नाहीत. माझ्या गाद्या नेमक्या त्या बुगड्या कानात दाबायच्या. वरून चष्म्याची काडी. दहा मिनिटांत बाईंचे कान लालबुंद.

“आत्या, बुगड्या काढून ठेव ना,” विजयसिंह म्हणाला.

“आज याच्यासाठी बुगडी काढू, उद्या चष्म्यासाठी नाक कापायला सांगशील!” बाईंनी त्याला गप्प केलं आणि मला कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगलं.

त्या खिळ्यावर मी महिना काढला. परीक्षा जवळ येत होती, अकरा धडे बाकी होते आणि न तपासलेला धडा द्यायचा नाही असं बाईंनी ठरवलं होतं. त्या रोज मला कानांवर घेत, कळवळत आणि पुन्हा टांगून ठेवत. ज्या कानांसाठी आलो त्यांनाच मी छळत होतो. खोक्यावरची ती हसरी मुलगी मला तेव्हा फार आठवली.

शेवटी बाईंनी मला पिशवीत घातलं आणि स्टँडजवळच्या मकसूदच्या दुकानात नेलं. मकसूद मोटारसायकलच्या सीट शिवतो. चौथीपर्यंत तो बाईंच्याच हाताखाली शिकला आहे, त्यामुळे ‘जमणार नाही’ म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

“बाई, तुमी फिकीर करू नका,” तो म्हणाला. “तीन गडी अन् दुधाचे कॅन बसले तरी दबत न्हाई माझी सीट. या गाद्या काय चीज हायेत!”

आणि त्याने खरोखर तशाच गाद्या केल्या. टणक फोम, वर काळं रेक्झिन, कडेने लाल पायपिंग. मी इतका देखणा दिसत होतो की दुकानातल्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. बाईंनी मला कानांवर ठेवलं आणि “आई गं!” म्हणून लगेच काढलं. मकसूदने आयुष्यात कधी मध्ये पोकळी असलेली गादी शिवली नव्हती. कान जायला त्याने जागाच ठेवली नव्हती.

मागच्या खोलीतून त्याची आई, बीबीजान, कणकेचे हात घेऊनच बाहेर आली. तिच्या दोन्ही कानांच्या कडेने चांदीच्या बाल्यांची रांग होती. तिने मला उलटंसुलटं केलं आणि लेकाकडे पाहिलं.

“कान काय गाडीवर बसून आष्टीला निघालाय का बे? त्याला गादी न्हाई, खोली पायजे. भिंत जाड कर, आत मोकळं ठेव. कानाचं माप घेतलंस, कानातल्याचं कुनी घ्यायचं?”

मग तिने मऊ कणकेचा गोळा घेतला, त्याला तेलाचं बोट लावलं आणि बाईंच्या कानावर अलगद ठेवून उचलला. गोळ्यात कान, बुगडी आणि चष्म्याची काडी, तिघांचा ठसा उमटला होता. दुसऱ्या कानाचाही तसाच घेतला. मित्रांनो, इतक्या हेडफोनांच्या गाद्या जगात तयार होतात, पण आधी कणकेत कान उमटवून कुणी माप घेतलं असेल, असं मला वाटत नाही.

मकसूदने पुन्हा फोम कापला. या वेळी जाड कडं केलं, आत बुगडीसकट कान सुटा राहील एवढी खोल जागा ठेवली आणि काडीसाठी छोटी खाच पाडली. रेक्झिनने घाम येतो म्हणून बीबीजानने धुऊन धुऊन मऊ झालेल्या आपल्या सुती साडीचं कापड दिलं. बाईंनी मला कानांवर ठेवलं. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “कुठंच लागत न्हाई गं, बीबीजान.” मला तेव्हा काय वाटलं ते सांगताना आजही माझी वायर ताठ होते.

मग आम्ही कामाला लागलो. एकामागून एक दहा धडे तपासून झाले. मात्र अकराव्या धड्याला माझ्या गुणांनीच घोटाळा केला. मी इतका आरामदायी झालो होतो की ऐकता ऐकता बाईंना डुलकी लागली. नेमकं तेव्हाच मला रेकॉर्डिंगमध्ये पान उलटल्याचा आवाज आला, आणि तो नेहमीसारखा नव्हता, जाड होता. पुन्हा दोन पानं एकदम उलटली गेली होती! मित्रांनो, मला दोन तोंडं आहेत, पण दोन्ही दुसऱ्याचंच बोलतात. मी काय करणार? बाई जाग्या झाल्या तेव्हा धडा संपला होता. ‘झालं बाई एकदाचं,’ असं म्हणून त्या उठल्या.

संध्याकाळी प्रियदर्शनी आली. दोन दिवसांवर भूगोलाचा पेपर होता. बाईंनी कौतुकाने मला तिच्या कानांवर चढवलं. माझ्या खोल्या तिच्या लहान कानांना मोठ्याच झाल्या. ती ऐकत राहिली आणि अचानक तिने हात वर केला.

“बाई, इथं पान जाड वाजलं. दोन पानं गेली वाटतं.”

बाईंनी पुस्तक उघडलं. मधली दोन पानं तेलाच्या डागाने चिकटलेली होती. बाईंचा चेहरा उतरला. “चुकले गं पोरी. परत चुकले.”

“कावून वाईट वाटून घेता? आता सापडलं ना,” प्रियदर्शनी म्हणाली. “मोबाईलवर पान वाजलेलं ऐकूच येत न्हवतं. वाचा तुमी, मी हितंच बसते.”

बाईंनी तिथल्या तिथे ती पानं वाचून रेकॉर्ड केली आणि प्रियदर्शनीने ती माझ्यातूनच ऐकली. इतिहास-भूगोल मिळून तिला शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी गुण पडले.

निकालानंतर ती अकरावीसाठी बीडला निघाली, तेव्हा बाईंनी मला धुऊन पुसून तिच्यासमोर ठेवलं. तिने बोटांनी माझ्या गाद्या चाचपल्या, चष्म्याची खाच शोधली आणि मला परत बाईंच्या हातात दिलं.

“हे तुमच्या बुगडीच्या मापाचे हायेत, बाई. मला दिले तर अकरावीची पुस्तकं कोन तपासनार?”

म्हणून मी अजून कड्यातच आहे. बाई आता प्रत्येक पानाचा आकडा मोठ्याने वाचतात आणि माझ्या सुती खोळी दर रविवारी दोरीवर वाळतात. मित्रांनो, माझ्यासारख्यांना वायर धरून ओढू नका, घामेजलेले तसेच गुंडाळून ठेवू नका. आणि एखादी वस्तू टोचली म्हणून तिला लगेच खिळ्याला टांगू नका. कुठे टोचतं ते नीट सांगा, तुमची बीबीजान कुठेतरी असेलच. आता थांबतो. बाईंनी चष्मा पुसला आहे आणि त्यांचा हात माझ्याकडे येतो आहे.