डावा कान

ती दवाखान्यात फोनवर बसायची; आलेले फोन ज्या त्या वॉर्डाला जोडून द्यायची. तो सुतार. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि गेल्या वर्षभरात घरात कामापुरतंच बोलणं उरलं होतं. दूध संपलंय, किल्ली कुठंय, एवढंच.

एका रविवारी सकाळी ती भांडी घासत होती. तो तिच्या डावीकडे उभा राहून ताटं पुसत होता. कितीतरी दिवस मनात घोळवलेलं तो ताटाकडे बघतच बोलला, "मी असा घुम्यासारखा वागतो, कारण मला भीती वाटते. तुला माझा कंटाळा आलाय का? खरं काय ते सांग."

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

त्याला उत्तर मिळालं. तेव्हापासून तो दुपारचं दुकानातच खायचा, बाहेरच्या खोलीत झोपायचा. तिने का म्हणून विचारलं नाही. तिला वाटलं, याला कुणकुण लागली असावी.

तीन आठवड्यांनी तिच्या वरिष्ठ बाई कपाटाचं माप द्यायला दुकानात आल्या. जाता जाता म्हणाल्या, "त्यांच्या कानाचं काय ठरलं? फोनवरून काढून नोंदणीला बसवलंय, तेव्हापासून गप्प गप्प असतात."

"कुठला कान?"

"डावा. सहा महिने झाले की." बाई ओशाळल्या. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

संध्याकाळी त्याने विषय काढला, तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"सांगितलं का नाहीस?"

"तू कीव केली असतीस. नाहीतर तीही केली नसतीस. दोन्ही मला सोसवलं नसतं." सुरी खाली ठेवून तिने विचारलं, "मला ऐकू न आलेलं तू काही बोलला होतास का?"

"नाही," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच राग आला.

गुरुवारी तपासणीला तो न विचारता तिच्याबरोबर गेला. बाकावर तिच्या उजवीकडे बसून बराच वेळ गुडघे चोळत राहिला. मग त्या रविवारचं सगळं पुन्हा बोलला, अडखळत.

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"कंटाळा नाही आलेला," ती म्हणाली. "राग आहे. तो लगेच जायचा नाही."

"बरं."

आतून तिचा नंबर पुकारला. ती दारापर्यंत जाऊन थांबली.

"चल ना. डॉक्टर सांगतील ते मला एकटीला नाही ऐकायचं."

तो उठून तिच्यामागे आत गेला.