डाव्या हातमोज्याचं गुपित

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, डाव्या हाताचा. दाराजवळच्या खिळ्याला लटकलेला असतो. तळव्याला दोन ठिगळं आहेत, पण हसू नका. कमावलेली आहेत ती!

माझा जन्म बुटांच्या दुकानातला. दुकानदाराने बायकोचा हात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली आणि बुटाच्या उरलेल्या मऊ कातड्यातून आम्हा दोघा भावांना शिवलं. ती भूगोलाची शिक्षिका. अपघातानंतर व्हीलचेअरवर आली, आणि चाकं लोटून लोटून तिच्या तळहातांची सालं निघायची.

एक दिवस ती म्हणाली, "तळ्यापर्यंत लाकडी वाट केलीय म्हणे. वर्षानुवर्षं मुलांना तळी शिकवतेय, आता बघायचंय. पण माझ्या हातांनी. तू ढकलायचं नाहीस हं."

"नाही गं बाई, शब्द देतो," तो म्हणाला.

मग रोज सकाळी घरामागच्या चढावर सराव सुरू झाला. पुढे ती, मागे तो. डॉक्टरांनी त्याच्याही पोटाकडे बोट दाखवलं होतं ना! संध्याकाळी दोघं पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलून दंड कमवायची आणि एकमेकांच्या दंडांना हसायची. फार सुखाचे दिवस होते ते.

पण मला एक गुपित ठाऊक होतं. चढाच्या शेवटी तिचे हात थरथरले की चाक माझ्या पकडीतून आपोआप पुढे सरकायचं. हे महाशय मागून हळूच दोन बोटं लावायचे! ती आनंदाने ओरडायची, "जमलं रे!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सांगणार कसं? मला तोंड कुठे आहे?

सहा महिन्यांनी आम्ही तळ्याकडे निघालो. सगळीकडे धुकं होतं. फळ्या हलकेच कुरकुरत होत्या, दोन्हीकडे उंच गवत डुलत होतं, आणि आपण जमिनीवर नाहीच, तरंगतोय असं वाटत होतं. शेवटच्या चढाआधी त्याला धाप लागली, तो मागे राहिला. ती पुढे गेली. अर्ध्यावर चाक थांबलं, मग वीतभर मागे घसरलं. तिने ब्रेक लावला आणि वळून पाहिलं. तो वीस पावलं दूर होता.

"घरामागे तू ढकलायचास?"

त्याने मान खाली घातली. "तुझे हात थरथरताना बघवत नव्हतं गं."

"मग डोळे मिटायचे होतेस! सहा महिने फसवलंस मला." तिचे अश्रू माझ्यावर पडले. तो धावत आला, तशी ती म्हणाली, "हात लावू नकोस."

त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि तसाच मागे उभा राहिला. ती एकदा लोटायची, ब्रेक लावायची, श्वास घ्यायची, पुन्हा लोटायची. वीत वीत करत आम्ही चढलो. माझा तळवा फाटला तो तिथेच. आणि वर पोचलो तर समोर तळं! पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळेना. 

मग ती मागे न बघता म्हणाली, "ये. आता उतार आहे. धर मला."

तिने मला काढून त्याच्या खिशात सरकवलं.

मित्रांनो, कुणाचे हात थरथरताना दिसले तर जरूर धावा, पण मागून गुपचूप नको. समोर येऊन विचारा. नको म्हटलं, तर थांबा. थांबणं सोपं नसतं, हे मला माहीत आहे. त्या दिवशी त्याच्या खिशाचं अस्तर मी आतून पाहिलं. मुठी आवळून आवळून ते पार फाटलं होतं.